हे औषध आमच्या मुलीचं नाहीच!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. दिवेलागणीची वेळ होती. आमटीला फोडणी देऊन मी घटक चाचणीच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढणार, तोच दारात माझ्या एका विद्यार्थिनीची आई येऊन उभी राहिली. हातात औषधांची पिशवी आणि घड्या घालून घालून मऊ झालेला एक कागद.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच वाचून बघा," ती म्हणाली. "हे औषध आमच्या मुलीचं नाहीच! एक आहे संधिवाताचं आणि दुसरं लहान लेकरांच्या जुलाबाचं. शेजारच्या मुलानं मोबाइलवर बघून सांगितलं. आमच्या पोरीला ना सांधे दुखतात, ना जुलाब होतात. आत्याबाई म्हणाल्या, एवढ्या मोठ्या दवाखान्यात कागदांची अदलाबदल झाली असेल. तीन आठवडे झाले, आम्ही गोळ्या बंद ठेवल्यात."

तीन आठवडे! मी गॅस बंद केला आणि तिला आत बसवलं.

या मुलीचं नाव मी इथे देत नाही. पण तिची हकिकत तिच्या आईच्या परवानगीनं सांगते आहे, कारण "दुसऱ्याच रोगाचं औषध आपल्या माणसाला का?" हा प्रश्न उद्या तुमच्यापैकी कुणाच्याही घरात उभा राहू शकतो. आणि त्याचं उत्तर ठाऊक नसेल, तर त्या माउलीसारखीच चूक आपल्या हातून होईल.

पाच पानं शुद्धलेखन

मी इथे राहुरीत अर्धवेळ शिक्षिका आहे. आठवीला मराठी शिकवते. ही मुलगी वर्गात आली तेव्हा तिचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. फळ्यावर सुविचार लिहायला मी तिलाच उठवायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते अक्षर बिघडायला लागलं. आधी ओळी तिरक्या झाल्या, मग काना-मात्रा कुठल्या कुठे जायला लागल्या. मी रागावले, तर म्हणाली, "बाई, हात ऐकत नाही."

"हात ऐकत नाही की मन ऐकत नाही?" असं मी सगळ्या वर्गादेखत म्हटलं आणि रोज पाच पानं शुद्धलेखन लावून दिलं. त्या पाच पानांची आठवण झाली की आजही मला माझीच लाज वाटते.

पुढे तिचं बोलणं जड झालं. तोंडातून लाळ गळायची, म्हणून ती सारखा रुमाल धरून बसायची. मुली हसायच्या. घरी दुधाचा पेला हातातून पडायचा. अभ्यासात मागे पडली, उगाच रडायला लागली, चिडायला लागली. आजीनं ठरवलं, बाहेरची बाधा आहे. देवऋषी झाले, गंडेदोरे झाले, अंगारे झाले. यात सहा-सात महिने गेले. त्याच्या दोन वर्षं आधी तिला कावीळ झाली होती आणि ती गावठी औषधानं 'उतरवली' होती, हे तेव्हा कुणालाच आठवलं नाही.

शेवटी चष्म्यासाठी म्हणून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना यंत्रातून बुबुळाच्या कडेनं एक तपकिरी-सोनेरी कडं दिसलं. त्यांनी चष्म्याचा नंबर बाजूला ठेवला आणि चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवलं. तिथे रक्त तपासलं, चोवीस तासांची लघवी साठवून तपासली, आणि निदान झालं – विल्सनचा आजार.

घरातलंच तांबं

मी बी.ए. झालेली बाई. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पण त्या संध्याकाळनंतर मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारविचारून आणि वाचून जे समजून घेतलं, ते माझ्या भाषेत सांगते.

आपल्या रोजच्या अन्नात तांबं असतं. धान्यात असतं, डाळीत असतं. शरीराला ते थोडंसं लागतंही. जास्तीचं तांबं आपलं लिव्हर पित्तावाटे आतड्यात सोडतं आणि ते शौचावाटे निघून जातं. मोरीचं पाणी जसं गटारानं बाहेर पडतं तसं. विल्सनच्या आजारात लिव्हरमधला हा निचराच जन्मापासून बिघडलेला असतो. तांबं आधी लिव्हरमध्ये साठतं, तिथे मावेनासं झालं की रक्तावाटे मेंदूत आणि डोळ्यांत जातं. म्हणून आधी कावीळ, मग हातांचा कंप, बिघडलेलं अक्षर, जड जीभ, बदललेला स्वभाव, आणि डोळ्यात ते कडं. बहुतेकदा पाच ते पस्तीस वर्षांच्या दरम्यान हे दिसायला लागतं. साधारण तीस हजारांत एकाला हा आजार असतो, असं धरलं जातं.

लंडनच्या डॉ. विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. तेव्हा आणि पुढे कितीतरी वर्षं हा आजार झाला की मृत्यू ठरलेलाच होता. घराण्यातून येणारा, मेंदू हळूहळू पोखरणारा रोग! त्यावर औषध कसलं? पण औषध निघालं. एक नाही, चार निघाली. आणि गंमत म्हणजे या चारांपैकी एकही औषध या रोगासाठी म्हणून जन्माला आलेलं नव्हतं.

चार पाहुणे

पहिलं आलं थेट युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकच्या विषारी वायूची भीती होती, म्हणून ब्रिटिशांनी त्यावर उतारा तयार केला. तो आर्सेनिकला पकडतो, तसा तांब्यालाही पकडतो, हे लक्षात आल्यावर १९५१ साली तो विल्सनच्या रोग्यांना देऊन पाहिला. शेंगदाण्याच्या तेलातलं हे इंजेक्शन फार दुखायचं. पण तांबं शरीराबाहेर काढता येतं आणि माणूस सुधारतो, हे त्यानं पहिल्यांदा दाखवून दिलं.

दुसरं पेनिसिलामाइन. नावावरूनच कळलं असेल, हे पेनिसिलिनच्या घरातलं. पेनिसिलिन आपल्याला परकं नाही, पिंपरीचा त्याचा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला. इंग्लंडचे डॉ. जॉन वॉल्श यांना पेनिसिलिन घेणाऱ्या रोग्यांच्या लघवीत हा पदार्थ सापडला होता. पुढे अमेरिकेत विल्सनचा रोगी पाहताना त्यांना तो आठवला. हा पदार्थ तांब्याला धरून लघवीतून बाहेर नेईल, असं त्यांच्या मनात आलं. आधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला, मग रोग्याला दिला. १९५६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. इंजेक्शनं गेली, तोंडावाटे घ्यायचं औषध आलं. हे वॉल्श १०२ वर्षं जगले, २०२२ साली गेले. त्यांच्यामुळे किती घरांतली मुलं वाचली असतील!

म्हणजे, मैत्रिणींनो, शेजारच्या मुलानं मोबाइलवर वाचलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. पेनिसिलामाइन संधिवातालाही देतात; पण ते नंतर. आधी ते विल्सनसाठी वापरलं गेलं.

तिसरं ट्रायेंटिन. कारखान्यात चिकटद्रव्य कडक करायला जे रसायन वापरतात, त्याच्यापासून हे औषध केलेलं. पेनिसिलामाइन न सोसणाऱ्या रोग्यासाठी याच वॉल्श यांनी १९६९ साली ते पुढे आणलं.

आणि चौथं आपलं झिंक, म्हणजे जस्त. लहान मुलाला जुलाब झाले की आशाताई मिठा-साखरेच्या पुडीबरोबर झिंकच्या गोळ्या देतात, तेच. हॉलंडमध्ये १९६१ साली ते विल्सनसाठी वापरायला सुरुवात झाली आणि अमेरिकेत १९९७ साली त्याला रीतसर मान्यता मिळाली. जुलाबासाठी सगळ्या जगात द्यायचा सल्ला २००४ साली आला. झिंकचं काम वेगळं आहे. ते साठलेलं तांबं खेचून काढत नाही. आतड्याच्या आतल्या पेशींना ते असा एक पदार्थ तयार करायला लावतं, की तो अन्नातलं तांबं तिथेच धरून ठेवतो आणि त्या पेशी झडल्या की ते शौचावाटे जातं. थोडक्यात, पेनिसिलामाइन घरात साठलेलं बाहेर काढतं, आणि झिंक दारातच अडवतं.

हे मी त्या माउलीला असंच सांगितलं. आमच्याकडे वरण कमी-जास्त झालं की आपण काय करतो? त्याचंच कधी थालीपीठ होतं, कधी पराठा. पदार्थाचं नाव बदलतं, आतली डाळ तीच. औषधाचंही तसंच आहे. डब्यावर किंवा मोबाइलवर कुठल्या रोगाचं नाव लिहिलंय त्यावरून औषध कुणाचं हे ठरत नाही. ते शरीरात जाऊन काय काम करतं, त्यावरून ठरतं.

ती म्हणाली, "मग हे डॉक्टरांनी आम्हाला का नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर रोग्यांची रांग असते, बोलायला दोन मिनिटं मिळतात, आणि आपणही "हो हो, समजलं" म्हणून उठतो.

पुण्याची पितळी भांडी

तुम्ही म्हणाल, या सगळ्या साहेबांच्या देशातल्या कथा. मग आपल्या पुण्यातली ऐका.

आपल्या आई-आजीच्या तोंडी एक वाक्य असायचं, "बाळाचं लिव्हर वाढलंय." सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतची बाळं पोट फुगून, कावीळ होऊन जायची. घरात एक मूल गेलं की दुसरंही जायचं, म्हणून लोक त्याला घराण्याचा शाप म्हणायचे. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या के.ई.एम. हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या बाळांचा अभ्यास केला. त्यांच्या लिव्हरमध्ये तांबं खच्चून भरलेलं होतं. ते आलं कुठून? तर अगदी लहानपणी वरचं दूध सुरू केलेलं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं! १९८३ साली 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे मांडलं.

हा आजार विल्सनचा नव्हे आणि मेंदूचाही नव्हे. पण साठलंय तांबंच ना? मग विल्सनच्या रोग्यांचं पेनिसिलामाइन या बाळांना द्यावं, असं या मंडळींनी ठरवलं. नुसतं देऊन बघितलं नाही. औषध दिलेली आणि न दिलेली बाळं यांची रीतसर तुलना केली आणि १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कावीळ उमटण्याआधी, वेळेवर औषध मिळालेल्या बाळांपैकी कितीतरी वाचली. एरवी त्यातलं जवळजवळ एकही वाचत नसे. आणि घराघरांतली पितळी पातेली जाऊन स्टीलची आली, आईच्या दुधाचं महत्त्व पटलं, तसा हा आजारच आपल्याकडून दिसेनासा झाला.

पाहा, एकाच औषधानं तीन वेगळ्या रोगांत काम केलं. मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी आधी "हे काय काम करतं?" असं विचारलं, आणि मग मोजून-मापून ते सिद्ध केलं.

प्रत्येक किल्ली लागतेच असं नाही

आज जगभर असे प्रयत्न चालू आहेत. मेंदूचे आनुवंशिक आजार एकेकटे दुर्मिळ. एका आजाराचे रोगी मोजकेच, म्हणून त्यांच्यासाठी कोरं औषध शोधायला कंपन्या सहसा पुढे येत नाहीत. शोधलं तरी दहा-पंधरा वर्षं जातात, आणि आलं की किंमत आभाळाला भिडते. त्यापेक्षा जी औषधं माणसांना वर्षानुवर्षं देत आलो, ज्यांचे गुणदोष माहीत आहेत, ती या रोगांत चालतात का, हे पाहणं शहाणपणाचं. घरात नवं कपाट आणण्याआधी आपण जुनं उघडून पाहतो, तसंच.

काही किल्ल्या लागल्या. टेट्राबेनाझिन नावाचं औषध १९५० च्या दशकात मानसिक आजारांसाठी तयार झालं होतं. हंटिंग्टन नावाच्या घराण्यातून येणाऱ्या आजारात हातापायांच्या ज्या अनावर हालचाली होतात, त्या कमी करण्यासाठी २००८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते आजार थांबवत नाही, पण घास तोंडापर्यंत नेता येणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. फ्रान्समध्ये १९५७ पासून चक्कर येण्यावर एक साधं औषध देत आले आहेत. त्याच्याच एका रूपाला निमन-पिक सी या मुलांच्या मेंदूच्या आनुवंशिक आजारासाठी अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

काही लागल्या नाहीत. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ साली नऊ कुटुंबांतला एक वेगळाच आजार जगापुढे आणला. त्यात तोल जातो आणि डोळ्यांची हालचाल अगदी संथ होते. आई किंवा वडिलांकडून तो मुलांकडे येतो. दुसऱ्या एका मज्जातंतूंच्या आजाराचं रिल्युझोल नावाचं औषध यात चालेल अशी बरीच आशा होती. फ्रान्समध्ये रीतसर चाचणी झाली, २०२२ साली निकाल आला – फायदा नाही. वाईट वाटतं, पण हेही कळायला हवंच ना? नाहीतर घरंदारं विकून लोक त्याच्यामागे लागले असते.

आणि काहींचा निकाल अजून लागायचा आहे. आपल्या परसातल्या अडुळशातल्या एका द्रव्याच्या धर्तीवर खोकल्याचं एक औषध तयार झालं आणि त्याच्यापासून पुढे अँब्रोक्सॉल आलं. कफ सुटायला आपण देतो ते. गोशे नावाच्या आनुवंशिक आजारात जे जनुक बिघडतं, तेच काही पार्किन्सनच्या रोग्यांतही बिघडलेलं असतं. तिथे हे औषध उपयोगी पडेल का, यावर परदेशात काम चालू आहे. लंडनमध्ये २०२० साली सतरा रोग्यांवरच्या छोट्या चाचणीत ते मेंदूभोवतीच्या पाण्यापर्यंत पोचतं, एवढं दिसलं. आजार थांबतो का, हे अजून ठरायचं आहे. तेव्हा सासऱ्यांचा हात कापतो म्हणून त्यांना खोकल्याचं औषध पाजू नका, आणि अडुळशाचा काढाही त्यासाठी करू नका! चाचणीतली मात्रा वेगळी, देखरेख वेगळी. तीच गोष्ट झिंकची. आपल्याकडे उसाला झिंक सल्फेट घालतात. त्या पोत्यातलं ते औषध नव्हे, हे मी त्या मुलीच्या वडिलांना मुद्दाम बजावलं. कारण त्यांनी तसं विचारलंच होतं.

माहेर कुणाचं?

त्या संध्याकाळी औषधांचं बोलणं झाल्यावर ती माउली उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आत्याबाई म्हणतात, हे माझ्या माहेरचं आहे."

मी विचारलं, "तुमच्या सासूबाई तुमच्या कोण?"

"सख्खी आत्या. मी मामाची मुलगी ना यांची."

आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत किती घरांत आहे! आता हिशोब बघा. विल्सनचा आजार व्हायला मुलाला बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळावं लागतं. एकाकडूनच मिळालं, तर ते मूल फक्त वाहक असतं. त्याला काही त्रास होत नाही आणि त्याला ते ठाऊकही नसतं. आई-बाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता आजाराची, दोन शक्यता वाहक असण्याची आणि एक पूर्ण मोकळं असण्याची. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. या घरात ते बहुधा आजी-आजोबांकडून उतरलं – एकीकडे भावातून या सुनेत, दुसरीकडे बहिणीतून तिच्या मुलात. म्हणजे सुनेचं माहेर आणि सासूचं माहेर एकच!

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि आजींना हे शक्य तितक्या गोडीनं सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडून?" मी म्हटलं, "आजी, तुमच्याकडून, तुमच्या भावाकडून, त्याच्या आधी कुणाकडून तरी. डोळ्यांचा रंग देताना कुणी विचारून देतं का? दोष कुणाचाच नाही. पण गोळ्या बंद केल्या तर मात्र दोष आपला." त्यांनी स्वतः उठून गोळ्यांची पिशवी कपाटातून काढून दिली. परत जाताना मला वाटलं, मीही एकदा असाच दोष त्या पोरीच्या पदरात टाकला होता, पाच पानांचा.

त्याच दिवशी मुलीच्या वडिलांनी पुण्याला फोन केला. औषध असं मध्येच बंद करणं जिवावर बेतू शकतं. लिव्हर अचानक निकामी होऊ शकतं. शिवाय खंडानंतर ते आपल्या मनानं आधीच्याच मात्रेत सुरू करायचं नसतं. डॉक्टरांनी बोलावून घेतलं, तपासण्या केल्या आणि थोड्या मात्रेपासून पुन्हा सुरुवात केली. धाकट्या भावाचीही तपासणी करवली. तो ठणठणीत, दिवसभर क्रिकेट खेळणारा. त्याच्यातही आजार निघाला! पण त्याला अजून काहीच होत नाही, आणि औषध चालू राहिलं तर होणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता मला सांगा, बहिणीच्या गोळ्या 'दुसऱ्याच्या' म्हणून कायमच्या बंद झाल्या असत्या, तर या पोराकडे कुणी पाहिलं असतं?

घरच्या बाईनं लक्षात ठेवायचं

ज्या घरात हा आजार आहे, त्या घरासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी एकत्र करून देते:

१. औषध जन्मभराचं आहे. बरं वाटलं म्हणून, सण आला म्हणून, परीक्षा आहे म्हणून बंद करायचं नाही. गोळ्या संपायच्या पंधरा दिवस आधी नव्या आणून ठेवाव्या. लहान गावात त्या लगेच मिळतीलच असं नाही.

२. पेनिसिलामाइन जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. झिंकही रिकाम्या पोटी, पण दोन्ही एकदम घ्यायची नाहीत, मध्ये वेळ जाऊ द्यायचा. मुलींना आपण लोहाच्या गोळ्या देतो, त्याही यांच्याबरोबर देऊ नयेत. वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्या. या माउलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायला सुरुवात केली आहे.

३. पेनिसिलामाइनबरोबर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात, ती वगळू नये. अंगावर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज दिसली तर लगेच कळवावं. रक्त-लघवीची तपासणी चुकवू नये.

४. सुरुवातीला काही रोग्यांचा कंप किंवा बोलणं उलट जास्त बिघडतं. घाबरून औषध टाकू नये, तसंच अंगावरही काढू नये, डॉक्टरांना गाठावं.

५. तांब्याच्या हंड्यातलं किंवा तांब्याच्या बाटलीतलं पाणी या मुलांना नको. हल्ली त्या बाटल्यांची फॅशन आहे, पण यांच्यासाठी स्टीलच बरं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी, ताक, दूध ठेवू नये. कलेजी, खेकडे, शिंपल्या, मशरूम, चॉकलेट, काजू-बदाम सुरुवातीला तरी टाळावेत. पण नुसत्या पथ्यानं हा आजार आवरत नाही, औषध लागतंच.

६. एका मुलात आजार निघाला की सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी करावी, ती कितीही धडधाकट दिसोत.

आणि हो, "हिचं लग्न कसं होणार?" हा प्रश्न त्या माउलीनं मला विचारलाच. विल्सनच्या मुली औषध घेत घेत शिकतात, नोकऱ्या करतात, लग्न करतात, त्यांना मुलं होतात. गरोदरपणात औषध सोडायचं नसतं, डॉक्टर मात्रा बदलून देतात. लपवून मात्र काही करू नये; आणि नात्यातलं स्थळ तेवढं टाळावं.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी कुठल्याही आजारात औषधाच्या नावापुढे भलताच रोग दिसला, तर ते बंद करण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, "हे औषध माझ्या माणसाच्या शरीरात काय काम करणार आहे?" विचारायला लाजू नका, आणि उत्तर समजेपर्यंत खुर्चीतून उठू नका. चूक होतच नाही असं नाही. कागद खरंच बदलले असतील तर तेही या प्रश्नानं कळेल. शेजारच्या मोबाइलला मात्र हा प्रश्न विचारू नका.

संक्रांतीला ती मुलगी तिळगूळ द्यायला आली होती. बोलणं अजून थोडं जड आहे, पण रुमाल गेला आहे. मी तिची वही मागून घेतली. अक्षर पूर्वीचं नाही, ओळ अजून जराशी उतरते. पण काना-मात्रा जागेवर आहेत. मी तिला म्हटलं, "त्या पाच पानांबद्दल बाईंना माफ कर." ती हसली आणि म्हणाली, "बाई, आता हात ऐकतो."

पुढच्या अंकात उन्हाळी वाळवणांबद्दल बोलू. तोवर तुमची पत्रं येऊ द्या.